जुनी ऑटोमॅटिक हॅचबॅक घेताना आणि घेतल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं साधारण २०१० ते २०१८ या काळात भारतात विकल्या गेलेल्या पेट्रोल हॅचबॅक गाड्यांबद्दल आहेत: ह्युंदाई आय-टेन आणि ग्रँड आय-टेन, होंडा ब्रिओ, मारुतीच्या सेलेरिओ, अल्टो के-टेन, वॅगन-आर, रिट्झ आणि ए-स्टार, टाटा टियागो. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑटोमॅटिक म्हटलं की सगळ्या गाड्यांत गिअरबॉक्स सारखाच असतो ना?

नाही. जुनी गाडी घेताना मॉडेल, रंग, किलोमीटर हे सगळं नंतर. आधी गिअरबॉक्स कुठल्या जातीचा आहे ते बघायचं. तपासणी कशी करायची, पुढे खर्च कशावर होणार, घाटात गाडी कशी चालवायची, हे सगळं त्यावर ठरतं.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, मुरलेला प्रकार. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे मॅन्युअलसारखी क्लच प्लेट नसते, ताकद तेलातून पुढे जाते. आय-टेन १.२, ग्रँड आय-टेन, रिट्झ आणि ए-स्टारमध्ये चार गिअरचा, तर ब्रिओमध्ये पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच प्लेटही नेहमीचीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरऐवजी कॉम्प्युटरने हलवला जाणारा अ‍ॅक्च्युएटर करतो. भारतात हा प्रकार २०१४ साली सेलेरिओबरोबर आला. त्याच वर्षी अल्टो के-टेनला मिळाला, मग वॅगन-आर आणि टियागोलाही.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींमधला पट्टा वर-खाली सरकत राहतो. निसान मायक्रा आणि २०१५ ची होंडा जॅझ या त्यातल्या. चौथा प्रकार ड्युअल क्लचचा, तो पोलो जीटी टीएसआयमध्ये सापडतो.

२. विकणारा नुसतं "ऑटोमॅटिक आहे" म्हणतो. प्रकार कसा ओळखायचा?

लिव्हर बघा. या काळातल्या छोट्या गाड्यांत लिव्हरवर 'पी' (पार्क) नसेल आणि फक्त आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह, काहींत त्याऐवजी ए) आणि शेजारी एम (मॅन्युअल), प्लस, मायनस असेल, तर ती एएमटी. 'पी' असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच यांपैकी एक. मग मॉडेल आणि वर्ष पाहून प्रश्न १ मधल्या माहितीशी ताडून घ्या.

चालवतानाही कळतं. एएमटी गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडते आणि मान किंचित पुढे जाते. टॉर्क कन्व्हर्टर ओढ न सोडता गिअर बदलतो.

३. बजेट तंग आहे. यातली कुठली घ्यावी?

गर्दीच्या शहरात रोज चालवायची असेल आणि पेट्रोल थोडं जास्त लागलेलं चालणार असेल, तर चांगली ठेवलेली ब्रिओ किंवा आय-टेन १.२. हे गिअरबॉक्स टिकाऊ आहेत, अट एकच: तेल वेळेवर बदललेलं हवं. सर्व्हिसच्या नोंदी नसल्या तर प्रश्न ४ आणि ६ प्रमाणे नीट बघून मगच पुढे जा.

तालुक्याच्या गावी राहत असाल, जवळ फक्त साधं गॅरेज असेल आणि मायलेज महत्त्वाचं असेल, तर एएमटी. तिचा क्लच आणि गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीच्या मेकॅनिकला कळतो; अ‍ॅक्च्युएटरसाठी मात्र स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) असलेल्याकडेच जावं लागतं. मायलेजमध्ये एएमटी मॅन्युअलला तोडीस तोड आहे. सेलेरिओचा प्रमाणित आकडा दोन्ही प्रकारांत लिटरला २३.१ किलोमीटर होता. रस्त्यावर कुठलीच गाडी तेवढं देत नाही, पण दोघींची बरोबरी बरीचशी तशीच राहते.

सीव्हीटी आणि ड्युअल क्लच चालवायला छान असतात. तरी पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर तंग बजेटमध्ये त्यांच्या वाटेला जाऊ नका. एक मोठी दुरुस्ती निघाली की गाडी स्वस्तात मिळाली होती याला काही अर्थ उरत नाही.

कुठलीही घेतलीत तरी सगळे पैसे खरेदीत घालू नका. किमतीच्या दहा-पंधरा टक्के पहिल्या सर्व्हिससाठी, टायर-बॅटरीसाठी बाजूला ठेवा.

४. गाडी बघायला गेल्यावर टॉर्क कन्व्हर्टर कसा तपासायचा?

गाडी थंड असताना बघायची, हे आधीच फोनवर सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थोडं थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंडपणी होणारे दोष गाडी आधीच गरम करून झाकता येतात.

इंजिन चालू करून मिनिटभर थांबा. ब्रेक दाबून पीमधून आर, आरमधून एन, मग डी असं टाका आणि प्रत्येक ठिकाणी तीन सेकंद थांबा. आर आणि डी टाकल्यावर साधारण सेकंदाभरात गाडीने हलकासा दम धरल्याचं जाणवायला हवं. दोन-तीन सेकंद काहीच न होता एकदम धाडकन गिअर बसला, तर आतल्या तेलाचा दाब कमी आहे किंवा गिअरबॉक्सच्या आतले क्लच पॅक (गिअर धरणाऱ्या चकत्या) झिजलेत.

मग सपाट रस्त्यावर हलक्या पायाने साठपर्यंत न्या आणि टॅकोमीटरवर लक्ष ठेवा. प्रत्येक बदलाला काटा खाली पडायला हवा. काटा वर उडाला पण वेग वाढला नाही, तर गिअर स्लिप होतोय. तसं दिसलं तर सौदा तिथेच थांबवा. चाळीस-पन्नासच्या वेगात खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर आली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचकडे (वेग धरल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) किंवा जुन्या तेलाकडे संशय जातो. नंतर एकदा पाय पूर्ण दाबून खालचा गिअर पडतो का तेही बघा.

यापुढचा भाग बहुतेक जण सोडून देतात. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून पूर्ण तापवा आणि पहिल्यापासून हेच सगळं पुन्हा करा. सोलेनॉइड (तेलाचा दाब सोडणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) आणि व्हॉल्व्ह बॉडीचे (तेलाच्या वाटा असलेल्या भागाचे) दोष अनेकदा तेल गरम होऊन पातळ झाल्यावरच दिसतात. चढाची चाचणीही तापलेल्या गाडीवरच घ्या. जवळ घाट नसेल तर उड्डाणपुलाचा चढ किंवा मॉलच्या पार्किंगचा रॅम्प पुरतो.

शेवटी स्कॅनर लावून घ्या. पी०७०० हा कोड दिसला तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोष नोंदलेला आहे, आणि नेमका कुठला ते वाचायला कंपनीचं किंवा चांगलं बहुब्रँड स्कॅनर लागतं. एकही कोड नाही आणि इंजिनाच्या सेल्फ-टेस्ट मात्र "अपूर्ण" दाखवतायत, याचा अर्थ बहुधा कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे.

५. एएमटीत वेगळं काय बघायचं?

सुरुवात आवाजापासून. हायड्रॉलिक अ‍ॅक्च्युएटर असलेल्या गाडीत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप एक-दोन सेकंद घुरघुरतो, दाब भरतो आणि थांबतो. हे नीट आहे. चावी ऑन ठेवून, इंजिन बंद आणि लिव्हरला हात न लावता बसा. पंप दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर दाब कुठेतरी गळतोय किंवा दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर कमजोर झालाय. अ‍ॅक्च्युएटरच्या तेलाची छोटी टाकी बॉनेटखाली असते. तिची पातळी आणि आसपासचा ओलावा बघून घ्या.

आता सपाट जागेवर अगदी हळू निघा. सुटताना गाडी थडथडली तर क्लच किंवा फ्लायव्हील संपत आलंय. चढावर थांबून तीन-चार वेळा निघा. जळका वास आला तर क्लच फार वाईट पद्धतीने वापरला गेलाय. डीमधून आरमध्ये टाकताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय का, डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकतोय का, हेही बघा. शेवटी मॅन्युअल मोडमध्ये पाचही गिअर वर-खाली करून पाहा.

६. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कसं तपासायचं?

आय-टेनसारख्या डिपस्टिक असलेल्या गाड्यांत गाडी तापवून सपाट जागी उभी करा. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवा आणि परत आणा. मग स्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पुन्हा घालून बघा. पातळी 'हॉट' खुणांच्या मधे हवी. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत पातळी बघायची असते, म्हणून मॅन्युअल उघडूनच बघा.

तेलाचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लाल किंवा लालसर तपकिरी असेल तर ठीक. काळपट असेल आणि जळका वास येत असेल तर क्लच पॅक भाजलेत. चमकणारे धातूचे कण दिसले तर गाडी सोडून द्या. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. ही गाडी कुठल्याच किमतीला घेऊ नका.

७. लाखभर किलोमीटर झालेत आणि एटीएफ कधीच बदललेलं नाही. आता बदललं तर गिअरबॉक्स बसतो म्हणतात. खरं आहे का?

यात थोडं खरं आहे, आणि त्याची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त. ज्या गिअरबॉक्सचे क्लच आधीच संपलेत त्यात जुन्या तेलातली घाणच थोडीफार पकड देत असते. नवं तेल गेल्यावर स्लिप उघडी पडते आणि दोष तेलावर येतो. गाडी व्यवस्थित गिअर बदलत असेल, तेल तपकिरी असलं तरी जळलेलं नसेल, तर बदलाच.

मशिन लावून दाबाने फ्लश मात्र करू नका. तळाला बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये अडकतो. ड्रेन प्लग उघडून तेल काढा, बाटलीत मोजा आणि तेवढंच नवं घाला. एका वेळेला साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून आठशे-हजार किलोमीटरच्या अंतराने हेच दोन-तीनदा करा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असतेच. टोचणारे तुकडे सापडले तर काळजीचं कारण.

तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच हवं: आय-टेनला एसपी-थ्री, ब्रिओला डीडब्ल्यू-१, जॅझच्या सीव्हीटीला एचसीएफ-२. "सगळ्याला चालतं" असं सांगून दिलेलं तेल नको. सीव्हीटीत साधं एटीएफ गेलं तर पट्टा आणि पुली खराब होतात. पुढे शहरातल्या वापरात दर ४०,००० किलोमीटरला बदलत राहा.

८. एएमटीचा क्लच किती चालतो? बदलताना काय सांगायचं?

किती चालेल हे चालवणाऱ्यावर. मोकळ्या रस्त्यावर लाख किलोमीटरच्या पुढेही जातो. रोज चढाच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर त्याच्या निम्म्यातच संपतो.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच पडते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा आहेत का तेही बघायला सांगा. खरी मेख काम झाल्यानंतर आहे. नवा क्लच कुठे पकडतो हे कंट्रोलरला स्कॅनरने शिकवावं लागतं. हे 'लर्निंग' केलं नाही तर नवाकोरा क्लच असूनही गाडी धक्के देते, आणि मग अ‍ॅक्च्युएटर बदलायचा फुकटचा सल्ला मिळतो. म्हणून काम देण्याआधी विचारा: लर्निंग इथेच करून देणार का?

९. सिग्नलला डीमध्येच ठेवायची की एनमध्ये टाकायची?

टॉर्क कन्व्हर्टर: मिनिटभर थांबायचं असेल तर डीमध्ये ब्रेक दाबून ठेवली तरी काही बिघडत नाही. एएमटी: ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेलाच असतो, त्यामुळे छोट्या सिग्नलला डी चालतो, लांबलचक थांब्याला एन आणि हँडब्रेक करा, रिलीज बेअरिंगला आराम मिळतो. दोन्हींत गाडी चालती असताना एनमध्ये टाकून सोडू नका.

१०. कशेडी, खंबाटकी, आंबोलीसारख्या घाटात कशी चालवायची?

चढताना एएमटी मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवा, म्हणजे वळणावळणाला ती गिअर शोधत बसणार नाही. चढावर अडकलात तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. मिनिटा-दोन मिनिटांत क्लच तापतो, बझर वाजतो. हँडब्रेक ओढा, पाय काढा, निघायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबत हँडब्रेक सोडा. बझर वाजलाच तर बाजूला घ्या, एनमध्ये टाका आणि काही मिनिटं थांबा.

उतरताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये डी३, २ किंवा एल वापरा, किंवा ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करण्याचं बटण दाबा. एएमटीत मॅन्युअलचा खालचा गिअर. सगळा उतार डीमध्ये ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पेडल मऊ पडतं.

११. एएमटीत पी नाही. मग उभी कशी करायची?

हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवून डी किंवा आर टाका आणि मग चावी बंद करा. गाडी गिअरमध्ये राहते. तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर. परत चालू करताना ब्रेक दाबून लिव्हर एनमध्ये आणा.

पी असलेल्या गाडीतही आधी हँडब्रेक, मग पी. उलट केलं की गाडीचा सगळा भार आतल्या छोट्या खिट्टीवर येतो आणि सकाळी पीमधून काढताना ठक्क आवाज होतो.

१२. गाडी एकदम स्टार्टच होईना, किंवा लिव्हर पीमधून हलेना. गिअरबॉक्स गेला का?

बहुतेक वेळा नाही. कुणालातरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागत नसतील तर पेडलजवळचा ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय. ब्रेक दाबल्याचं कंट्रोलरला कळतच नाही, म्हणून तो गाडी चालू होऊ देत नाही किंवा लिव्हर सोडत नाही. हा पार्ट स्वस्त आहे आणि बदलायला अर्धा तासही लागत नाही.

लाइट लागत असतील तर बॅटरीचं व्होल्टेज बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ च्या आसपास किंवा वर हवं. कमजोर बॅटरीवर एएमटी आधी रुसते: गिअर पडत नाही, डिस्प्लेवर इशारे येतात, बॅटरी बदलली की सगळं गायब. अडल्या वेळी लिव्हर हलवायला पी असलेल्या बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ 'शिफ्ट लॉक'ची छोटी खाच असते. झाकण काढून त्यात चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबा, ब्रेक दाबा, लिव्हर सरकेल.

१३. धक्का मारून चालू करता येते का? टोचन कसं करायचं?

धक्का मारून नाही, कुठल्याच प्रकारात. जम्पर केबल जवळ ठेवा.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाडीची पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असलं की तेलपंपही बंद, आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो. पुढची चाकं उचलणारी क्रेन किंवा सपाट ट्रक मागवा. एएमटी एनमध्ये असेल तर मॅन्युअलसारखी ओढता येते. गिअरमध्ये अडकून बंद पडली असेल तर तिचीही पुढची चाकं उचलावी लागतात.

१४. सिग्नलला डीमध्ये गाडी थरथरते, एनमध्ये टाकली की थांबते. हे काय?

आधी इंजिनाचे माउंट बघा. रबर फाटलं की थरथर केबिनमध्ये येते आणि आर टाकताना दणका बसतो. लोक तो गिअरबॉक्सचा समजतात. सेलेरिओ आणि के-टेनचं इंजिन तीन सिलिंडरचं असल्यामुळे थोडी थरथर मुळातच असते. माउंट ठीक असतील तर थ्रॉटल बॉडी साफ करून प्लग बघा. याने फरक पडला नाही तरच प्रश्न ४ आणि ५ कडे वळा.

१५. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हा प्रश्न फार येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. सीटचे रूळ, गालिच्याखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीची जागा आणि फ्यूजबॉक्सचे टर्मिनल बघा. ऑटोमॅटिकमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण कंट्रोलर आणि सोलेनॉइडच्या जोडण्यांवर गंज चढला की दोष कधी दिसतो, कधी नाही, आणि गॅरेजवाल्यालाही सापडत नाही. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या छिद्रातून) तेलात पाणीही शिरतं. प्रश्न ६ ची टिश्यूची चाचणी इथे उपयोगी पडते.

१६. कागदपत्रं कुठली बघायची? दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय.

राज्यातल्या राज्यात: फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे), चालू विमा, पीयूसी, आणि आधीचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी अंक अंक जुळवून बघा. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसवलेली आहे का तेही पाहा. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या बाहेर स्वस्तात निघतात. पण फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर हे धरून हिशेब केला की फरक बराच कमी होतो. एनओसी हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे पैसे देऊ नका.

१७. गाडी १५ वर्षांची होत आली आहे. घ्यावी का?

नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओची तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याची मूळ फी ५,००० रुपये झाली, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. हे दोन्ही किमतीतून वजा करूनच बोली लावा. २०१०-११ ची आय-टेन किंवा ए-स्टार बघत असाल तर हे पहिल्याच फोनवर विचारा.

१८. ऑटोमॅटिकला बाहेरून सीएनजी बसवावं का?

टॉर्क कन्व्हर्टरला मान्यताप्राप्त किट चालतं, पण ओढ कमी होते आणि चढावर गिअर वारंवार खाली पडतो. एएमटीला बाहेरचं किट बसवायचं टाळा. तिचा कंट्रोलर इंजिनाकडून किती जोर येतोय त्या अंदाजावर क्लच सोडतो. सीएनजीवर तो अंदाज चुकला की धक्के येतात आणि क्लच लवकर झिजतो. कंपनीने एएमटी आणि सीएनजी एकत्र दिलं ते २०२४ मध्ये टियागोपासून. आधीच किट बसवलेली गाडी घेत असाल तर आरसीवर आणि विम्यात नोंद आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का ते बघा.

१९. गिअरबॉक्स खरंच गेला तर?

आधी निदान लेखी घ्या: कुठला कोड, कुठला दाब, तेलाची अवस्था. एका सोलेनॉइडसाठी अख्खा गिअरबॉक्स बदलायला लावण्याचे प्रकार होतात. टॉर्क कन्व्हर्टर उघडून दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांतच मिळतात, आणि छोट्या गाडीला ते काम अनेकदा गाडीच्या किमतीच्या मानाने फार महाग पडतं. अशा वेळी मुंबईत कुर्ल्यासारख्या जुन्या पार्टच्या बाजारातून अपघातात गेलेल्या गाडीचा गिअरबॉक्स आणणं हा व्यवहार्य मार्ग आहे.

आणताना गिअरबॉक्सवरचा कोड, गाडीचं वर्ष आणि इंजिन तिन्ही जुळवा. आय-टेनचा आणि ग्रँड आय-टेनचा सारखाच असेल असं धरून चालू नका. टॉर्क कन्व्हर्टर त्याच गिअरबॉक्सबरोबरचा घ्या. आतलं तेल प्रश्न ६ प्रमाणे टिश्यूवर बघा. बसवल्यावर चालतो की नाही कळेपर्यंत परत घेण्याची हमी पावतीवर लिहून घ्या. आणि जुन्या गिअरबॉक्समधून कूलरमध्ये गेलेला कचरा नव्यात जाऊ नये म्हणून कूलर आणि पाइप धुऊनच जोडायला सांगा.